टाकीतली हळद

देवळी ते वर्धा चालणाऱ्या त्या जुन्या मोटारीच्या रेडिएटरमध्ये रोज सकाळी मूठभर हळद पडत असे. हे मी थट्टेनं लिहीत नाही. रेडिएटर म्हणजे इंजिनासमोरची पाण्याची टाकी. आमच्याकडे सगळे तिला टाकीच म्हणत. पाणी इंजिनाभोवती फिरून तापतं, या टाकीतल्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा फिरतं. नळीला चीर गेली की गळती सुरू. तिच्यावर इलाज दोन. टाकी उतरवून कथलाचा डाग द्यायचा, नाहीतर वरून हळद टाकायची. हळद भिजून फुगते, चिरेत जाऊन बसते, गळणं थांबतं. पहिल्या इलाजात गाडी दोन दिवस उभी राहते. मालकाला दुसरा इलाज आवडे. अख्ख्या नळ्या हळदीनं बुजत चालल्या आहेत, हे त्याला नऊ वर्षं एकच माणूस सांगत होता, आणि त्या माणसाचं ऐकायची मालकाला सवय नव्हती.

तो माणूस म्हणजे माझा मोठा भाऊ. मी त्याला दादा म्हणतो.

गाडी म्हणजे मूळचा लढाईतला ट्रक. लिलावात निघाल्यावर मालकानं तिच्यावर सागाच्या फळ्या आणि पत्रा ठोकून माणसं बसवली होती. तिचं इंजिन दादाला नखशिखांत पाठ. पण हजेरीत त्याचं नाव क्लीनर म्हणून. मालकानं मिस्त्री असा कुणी ठेवलाच नव्हता. दादा असताना गरज काय? आणि दादाला मिस्त्री म्हणायचं, तर तो शब्द मालकाच्या तोंडातून निघेना. आम्ही कोण, कोणत्या वस्तीतले, हे देवळीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. आदल्याच वर्षी नागपूरला जाऊन आम्ही बौद्ध झालो होतो. गावानं त्याची नोंद घेतली ती एवढीच, की आधी नुसत्या जातीनं हाक मारायचे, ते आता हाकेच्या आधी जरा हसायचे.

ही गोष्ट सत्तावन सालच्या हिवाळ्याची. मी एकोणीस वर्षांचा होतो. वर्ध्याच्या एका छापखान्यातून पत्रकं छापून आणायची आणि बाजारात वाटायची, हे माझं काम. मजकूरही बहुतेक वेळा माझाच. मला बोलायची खाज, दादाला कामाची. घरी आई म्हणायची, दोघांना एकात कालवलं असतं तर एक पुरा माणूस झाला असता.

त्या दिवसांत बातमी आली, की पुलगावच्या लष्करी डेपोत मोटारींचं काम येणारे लोक घेणार आहेत. सोमवारी हजर व्हायचं. सोबत आधीच्या मालकाचा लेखी दाखला हवा, काय काम केलं ते लिहिलेला. दादाच्या हातात नऊ वर्षांचं काम होतं, फक्त कागद नव्हता. सरकारी कारखान्यात मिस्त्री म्हणून शिरायचं, हक्काची चावी आणि पाना हातात घ्यायचा, हे त्यानं आयुष्यात एकदाच मागितलं. तो मालकाकडे गेला. मी दाराशी उभा होतो.

मालक गादीवर सुपारी कातरत होता. म्हणाला, "दाखला? देईन ना. शुक्रवारला गाडीचं पासिंग हाय. मागल्या खेपेला इन्स्पेक्टरनं टाकी गळते म्हणून वापस पाठवली. एक थेंब गळला नाही पाहिजे. गाडी पास, तू पास. मिस्त्री म्हणून लिहून देतो, जा."

"मंग दोन दिवस गाडी बंद ठेवा लागन, सेठजी. टाकी उतरवतो."

मालकानं अडकित्ता थांबवला, गाडीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि बुधवार-गुरुवार दिले.

बाहेर आल्यावर दादानं माझा दंड धरला. "आईक. दाखला हातात येईस्तोर या माणसापुढं तुया तोंडातून एक शब्द निंगाले नाई पाह्यजे. शपथ घे."

"शपथ आपण आता मानत नाई."

"मंग वचन दे. पण गप राह्यजो."

मी वचन दिलं. याचा मला आजही राग येतो.

बुधवारी दादानं टाकी उतरवली. आधी समोरची जाळी साफ केली. कापसाच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यावर रुई उडत असते. जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या बैलबंड्यांच्या मागून चाललं की मोटारीच्या जाळीवर पांढरी गोधडीच बसते. ती सायकलच्या पंपानं फुंकून काढली. मग वरचं झाकण कथील वितळवून सोडवलं. आत नळ्यांची तोंडं दिसायला हवी होती. दिसला तो पिवळा गाळ. कडक, गंज मिसळलेला, वाळलेल्या पिठल्यासारखा.

"पाह्य," दादा म्हणाला, "वर्सावर्साची हयद. एवढ्यात वस्तीतल्या साऱ्या पोरींचे लग्न लागले असते."

धुण्याचा सोडा उकळून त्यानं ते पाणी आत रात्रभर ठेवलं. गुरुवारी जुन्या छत्रीच्या काड्या चपट्या ठोकून एकेक नळी मोकळी केली. घाईत काडी घुसवली तर नळी फाटते. दादा डोळे मिटून काडी ढकलायचा, बोटांना आतलं कळायचं त्याच्या. मग चिरा खरवडल्या, नवसागर लावला, तांब्याची सळई तापवून कथलाचे डाग दिले. शेवटी टाकीची तोंडं लाकडाच्या बुचांनी बंद करून ती बैलांच्या हौदात बुडवली आणि मी पंपानं हवा भरली. पाण्यावर एक बुडबुडा आला नाही. दादा हौदाच्या काठावर बसून बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिला. बुडबुडा न येण्याकडे इतक्या आनंदानं पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी टाकी चढवली तेव्हा ड्रायव्हर आला. पन्नाशीचा माणूस, पानानं ओठ लाल. हळद टाकायचं काम रोज सकाळी त्याचंच. आधी स्टेअरिंगला उदबत्ती ओवाळायचा, मग टाकीत हळद. दादा त्याला काका म्हणायचा.

"काका, आता टाकीत काई टाकाचं नाई. निस्तं पाणी."

"बरं बाप्पा. मिस्त्री तू."

काका तो शब्द उच्चारायचा, म्हणून दादाला तो माणूस फार चांगला वाटायचा.

शुक्रवारी सकाळी गाडी निघाली. रिकामी न्यायची तर मालकाचा जीव जातो, म्हणून उतारू भरले होते. पुढच्या बाकावर कापसाचे दोन व्यापारी, मागं बाया, गाठोडी, एक शेळी. दादा क्लीनरच्या जागेवर. मी अगदी मागं, मांडीवर पत्रकांचा जुना गठ्ठा. निम्म्या वाटेवर इंजिन गुरगुरायला लागलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी एका गावाच्या कडेला थांबली. काका खाली उतरला आणि पोत्याचा तुकडा घेऊन टाकीच्या टोपणाला हात घातला.

"काका, थांबा! निवू द्या!" दादा ओरडला.

उशीर झाला होता. उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं. काकाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बायांनी रस्त्याकडेचा ओला चिखल आणून त्याच्यावर थापला. दादानं टाकीखालची तोटी उघडली. पाणी आलं नाही. तारेनं टोचलं, तेव्हा एक पिवळा गोळा बाहेर आला.

दादा हळूच म्हणाला, "काका, काय टाकलं?"

"जराशीक."

"किती?"

"पुडा."

"पुरा पुडा?"

काका कळवळत म्हणाला, "आज पासिंग हाये म्हून टाकली बे! एक थेंब गयाले नाई पाह्यजे म्हणे ना सेठ? तुया दाखल्यासाठीच तं टाकली!"

खरं सांगायचं तर तो तेव्हा खोटं बोलत नव्हता. रोज एक मूठ, आज लेकराच्या भल्यासाठी अख्खा पुडा.

दादानं डोक्याला हात लावला नाही, कुणाला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, की खालची रबरी नळी सोडवतो, दहा-बारा बादल्या पाणी लागेल, आतला गाळ ताजा आहे, धुऊन निघेल. इन्स्पेक्टर दुपारपर्यंत असतो. अजून वेळ आहे.

रस्त्याला लागूनच एक विहीर होती. तिचा मालक एक शेतकरी, डोक्याला पागोटं, शेताच्या धुऱ्यावर उभा राहून मजा पाहत होता. म्हणाला, "मोटारीले पाणी पाह्यजे ना? घ्या ना बाप्पा, पायजेल तेवढं घ्या." दादा बादलीकडे वळला. शेतकऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ओळखलं. कसं ओळखतात कोण जाणे, पण ओळखतात. "तू नोको. त्या लोकायपैकी कोणालेबी ओढू द्या. तू तिकडं मोटारीपाशी राह्य."

दादा थांबला. मागच्या बाकावरचे दोन उतारू धोतर खोचून उठलेही. पाणी मिळालं असतं. पाऊण तासात आम्ही हाललो असतो.

मी उठलो. मी बोललो.

काय बोललो ते शब्दशः आठवतं, कारण ते माझ्याच पत्रकातलं होतं. यंत्राला पाणी चालतं आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्या हाताला चालत नाही, ही कोणती माणुसकी? पंचावन्न सालीच अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला आहे. पाणी दादाच ओढेल, नाहीतर आत्ता वर्ध्याला जाऊन फिर्याद देतो. एक अक्षरही मी मागं घेत नाही. प्रत्येक अक्षर खरं होतं.

शेतकरी शांतपणे म्हणाला, "कायदा झाला काय? बरं झालं. मंग त्या कायद्यालेच सांग पाणी ओढून द्याले." त्यानं दोर गुंडाळला, बादली खांद्याला अडकवली. "आता कोणालेच नाई. जा फिर्याद देजो."

पुढच्या बाकावरचा व्यापारी भडकला, तो माझ्यावर. "आमी वर्ध्याले कापूस पाह्याले निंगालो का तुय्या सभेले? बस ना बे खाली!"

त्याचा सोबती म्हणाला, "बौद्ध झाले तवापासून या लोकायचं इंजन नेहमीच गरम राह्यते." दोघं हसले. काही बायाही हसल्या.

दादा माझ्याजवळ आला. "झालं तुयं? इंजन काई थंड नाई झालं त्यानं."

मग तो नाल्यापलीकडं निघाला. त्या गावातही आपली वस्ती होतीच, सगळ्या गावांत असते तशी, आणि असते तिथंच. मी मागोमाग गेलो. वस्तीची विहीर कच्ची, नुकतीच लोकांनी मिळून खणलेली, पाणी खोल. दादानं तिथल्या एका म्हातारीला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात धरून दूर उभ्या मोटारीकडे पाहिलं.

"थेच मोटार व्हय? धा वर्सं हात दाखवून राह्यलो, एक रोज आमच्यासाठी उभी नाई राह्यली. आज बरी थांबली माय!" मग सुनेला हाक मारली. "गुंड भर वं. आज पाजू तिले. पण सांगजो बापा तिले, उद्या हात केला तं ओयख दाखव म्हणा."

बाया, पोरं, दोन म्हातारे, सगळे निघाले. पाण्याचे पितळी गुंड, पत्र्याचे डबे, एक मोडका हंडा. नाल्यातून चढण चढून पाणी येत होतं आणि दादा वरून ओतत होता. खालच्या नळीतून आधी पिवळा घट्ट लगदा, मग पिवळं पाणी, मग फिकं, मग शेवटी स्वच्छ. डाग दिलेली एकही जागा उघडली नव्हती. दादानं प्रत्येकावरून बोट फिरवून पाहिलं. विहिरीचा मालक दोर खांद्यावर घेऊन हे सगळं बघत होता. आमच्या विहिरीचं पाणी मोटारीच्या पोटात गेल्यावर व्यापाऱ्यांनी गाडीतून उतरायला हवं होतं. ते उतरले नाहीत. विटाळ गुंडातल्या पाण्याला असतो, मोटारीतल्या पाण्याला नसतो, असं काहीतरी त्यांच्या शास्त्रात असावं.

डाव्या हातानं गाडी चालवत, गिअर दादानं टाकायचे असं करत काकानं वर्धा गाठलं. इन्स्पेक्टर निघायच्या बेतात होता. त्यानं टाकीखाली रुमाल धरला, इंजिन चालू ठेवून बराच वेळ धरला. रुमाल कोरडा. "नई बिठाई क्या?" त्यानं विचारलं. काका म्हणाला, "हो साहेब." दादा गाडीखाली होता. तिथून त्यानं ऐकलं आणि तो हसला. आपल्या डागांना कुणीतरी नवीन टाकी समजलं, यापेक्षा मोठी पावती त्याला नको होती.

गाडी पास झाली. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत आम्ही तिघं मालकासमोर उभे होतो.

परतीच्या खेपेला उतरल्या उतरल्या व्यापारी आमच्याआधी येऊन तक्रार करून गेले होते. मालकाचा चेहरा तसाच होता. "पास झाली ते ठीक. पण रस्त्यात उकळली म्हणतात. यानं टाकी जोडली, मंग उकळली कशी? बोल," तो काकाला म्हणाला.

काकाच्या भाजलेल्या हाताला धोतराची चिंधी गुंडाळली होती. तो मालकाकडे बघत होता, दादाकडे नाही. खरं सांगायचं तर त्याला सांगावं लागणार, की पुडा मी टाकला, गाडी मी अडकवली, हात माझ्याच घाईनं भाजला.

"थोडी गयत होती सेठजी," काका म्हणाला. "मी हयद टाकली, तवा थांबली."

मी दादाकडे पाहिलं. दादा काकाकडे पाहत होता. मला वाटलं दादा बोलेल. दादाला, त्यानं मागून सांगितलं, वाटलं काकाच दुरुस्त करून बोलेल, एवढं खोटं माणसाला पेलत नाही. आणि मी? भर रस्त्यात, नको तिथं, पाणी तोडणारं भाषण करणारा मी, इथं तोंड बंद ठेवून उभा होतो. कारण वचन दिलं होतं. एका दिवसात दोन वेळा चुकलो. जिथं गप्प बसायचं तिथं बोललो आणि जिथं बोलायचं तिथं गप्प बसलो. दुसऱ्यांवर पत्रकं काढणाऱ्यानं हेही लिहून ठेवलं पाहिजे.

"मी म्हणत होतोच," मालक म्हणाला. "हळदीसारखं काही नाही." मग मुनीमजीला बोलावून दाखला सांगितला. मुनीमजीनं लिहून वाचून दाखवला: सदर इसम आमचेकडे नऊ वर्षे गाडी धुणे व गाडीत पाणी भरणे हे काम करीत होता. वर्तणूक चांगली.

दादा म्हणाला, "सेठजी, मिस्त्री म्हणाले होते तुमी."

"अरे, झूठ कसं लिहू? सरकारी काम आहे. उद्या तुझ्या हातून तिथली मोटार बिघडली तर माझं नाव जाईल." आणि सही केली.

दादानं कागद घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

बाहेर काका आमच्या मागं आला. दादा थांबला, मी नाही थांबत म्हणालो, तरी थांबलो.

"राग नोको मानू," काका म्हणाला. "तुले पुलगाव हाये. मले हेच गाडी हाये."

"पुलगाव आता कुठं राह्यलं, काका," दादा म्हणाला. मग त्याच्या हाताकडे बघून, "त्याले चिंधी नोको बांधू. उघडा ठेव, नाईतर पिकन."

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. खोटं बोलणाऱ्यापेक्षा त्याच्या जखमेची काळजी करणाऱ्याचा जास्त आला. आजही मनाची समजूत घालू गेलो तर पटत नाही. चांगुलपणा हा आमच्या लोकांवर लादलेला वेठीचा एक प्रकार आहे, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. दादानं ते वाचून परत दिलं होतं, म्हणाला होता, शाई फार लागते तुले.

सोमवारी पहाटे दोघं देवळीहून पुलगावला चालत गेलो. फाटकाबाहेर दोन रांगा होत्या. खिडकीतला कारकून कागद बघून माणसाला एकीकडे किंवा दुसरीकडे पाठवत होता. वाटेत मी दादाला दहा वेळा सांगितलं, कागद दाखवूच नको. म्हण, करून दाखवतो. कोणतंही इंजिन आणा समोर.

"कागद मागितला हाये त्यायनं," दादा म्हणाला.

खिडकीपाशी मी त्याच्यामागंच होतो. कारकुनानं दाखला वाचला. वाईट माणूस नव्हता तो, दमलेला होता. "पाणी भरणे. बरं. उजवी रांग."

"साहेब, मले रेडिएटरचं काम येते. डाग देणं, नळ्या साफ करणं. इंजनही खोलतो."

"हे इथं कुठं लिहिलं आहे?"

दादा खिडकीत वाकून कागदाकडे पाहू लागला.

"करून दाखवतो म्हण ना!" मी मागून म्हणालो.

"तुम्ही कोण?" कारकुनानं विचारलं. "तुमचा कागद?"

मागचे लोक ढकलायला लागले. दादा उजव्या रांगेत गेला. ती पेट्या उचलणाऱ्या हमालांची रांग होती. त्याच दिवशी घेतलं त्याला. अजून तिथंच आहे. मोटारींचं वर्कशॉप पलीकडच्या शेडमध्ये आहे, तिथून दिसतं म्हणे.

रांगेतच मी त्याला म्हणालो, हातांचं तरी सांगायचं होतं. तो म्हणाला, "कागद वाचल्यावर हाताकडे कोण पाह्यते?" मग त्यानं तेलाचे हात पुसायचा रुमाल काढून मला दिला, तिथं लागणार नाही म्हणून. "तू जाय घरी. आईले सांगजो, काम लागलं. एवढंच सांग."

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात तुरी पाखडत होती. मी म्हणालो, काम लागलं. तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, दोन्ही शेजारणींना नावानं हाका मारल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मोटारीचंच ना रे?"

मी हो म्हणालो.